आता माझ्या हातात नाही

दादा,

काल माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन म्हणालास, "माझ्या मेहुण्यावरची तक्रार मागे घे. घरातलं घरात मिटवू." तुला नाही म्हणायला मी कधी शिकलेच नाही, म्हणून वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमची लेक अल्पवयीन आहे. लैंगिक अत्याचाराचा खटला सरकार चालवतं. आईलाही तो मिटवता येत नाही."

इतकं हायसं वाटलं! आता तुझं गोड बोलणं कोर्टात चालवून बघ.

लेकीची साक्ष होईपर्यंत तुमच्याशी बोलायचं नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. म्हणून हे पत्र धाडणार नाही.

उन्हाळाभर लेक लांब बाह्यांत घामाघूम झाली. आज फ्रॉक घेऊन मशीनपाशी आली. "आई, बाह्या आखूड कर ना."

कात्री शोधायचीय. पत्र इथंच थांबवते.

तुझी धाकटी