म्हाताऱ्या लॅपटॉपसाठी स्थळं

१ ऑक्टो., बुधवार
खंडेनवमी. शेठच्या आईने, आमच्या सगळ्यांच्या आजींनी, वर्कशॉपभर फिरून पूजा केली. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, कॉम्प्रेसर. प्रत्येकाच्या कपाळी ओलं कुंकू, वर झेंडूची माळ. शेवटी माझ्या टेबलावरचा क्वालिटी विभागाचा लॅपटॉप. "ह्यो बी राबतोय की," म्हणून त्यालाही कपाळभर टिळा. मला लावला नाही. मी मशीन नाही, स्टाफ आहे.

सायं. कस्टमरची मेल. नव्या पार्टचं ऑडिट पुढच्या बुधवारी, ऑनलाइन. ते चाकणला, आम्ही चिखलीत, तसं जवळच. पण त्या ट्रॅफिकमधून त्यांच्या ऑडिटर मॅडम पोचेपर्यंत पार्टचं डिझाइन जुनं व्हायचं. कॅमेऱ्यासमोर मापाचं गेज धरून रीडिंग दाखवायचं. मोबाइल चालणार नाही. त्यांच्याकडे नोंदवलेलाच कॉम्प्युटर हवा. म्हणजे हाच.
नापास झालो तर पार्ट दुसरीकडे जाणार आणि आमची दुसरी शिफ्ट बंद. शिफ्टमध्ये सहा जण. सातवा मी, वय ५२. पुढे लिहीत नाही.

२ ऑक्टो., गुरुवार
कारखान्याची साप्ताहिक सुट्टी, म्हणजे आमचा रविवार. लॅपटॉप घरी आणला. दोन जीबी मेमरी. विंडोज झेपेना म्हणून मागेच मी लिनक्स टाकलेलं. लिनक्स गरीब, गुणी. खादाड तो ब्राउझर. सगळं जग वापरतं तो मोठा उघडला: दोन टॅबमध्ये मेमरी संपली, पंखा पिठाच्या गिरणीसारखा. ऑडिटच्या आधी लॅपटॉपच जायचा. हलका पर्याय शोधणे.

४ ऑक्टो., शनिवार
क्र. १. सडपातळ, चटकन उघडतो. पण कस्टमरचं पोर्टल उघडलं की नुसतं पांढरं पान. व्हिडिओ वगैरे मोह त्याने सोडलेत. रद्द.
क्र. २. पोर्टल दिसतं, लॉगिनचं बटण मात्र स्क्रीनच्या बाहेर. दाबायचं तर टेबलावर दाबावं लागेल. रद्द.
सौ. : "मला बघायला आलात तेव्हा पहिल्याच स्थळाला हो म्हणालात. एवढी चौकशी तेव्हा केली असती तर..." मी क्र. ३ डाउनलोडला लावला.

६ ऑक्टो., सोमवार
क्र. ३. पोर्टल चालतं, बटण जागेवर, आवाज येतो, पंखा गप्प. हाच!
फक्त कॅमेऱ्यात अंधार. लालसर, डोळे मिटून उन्हाकडे बघावं तसा. परवानग्या तपासल्या, सेटिंग उलटीपालटी केली. फोरमवर विचारलं, कुठल्याशा देशातून लगेच उत्तर, लॅपटॉप बदला. शेठना वाचून दाखवलं. "दिवाळीनंतर बघू, राव." इथे सगळं दिवाळीनंतर. मागच्या वर्षी माझी दिवाळीची सुट्टीसुद्धा.

७ ऑक्टो., मंगळवार
मॅडमबरोबर चाचणी कॉल. फार सभ्य. तुमच्याकडे लाइट गेलीय का, असं विचारलं. म्हणालो, ब्राउझरचा प्रॉब्लेम आहे, आम्ही लिनक्सवाले. एरवी हे ऐकून लोक गप्प होतात. त्या नाही झाल्या. "सर, उद्या अकराला गेज दिसलं नाही तर मला नापासच लिहावं लागेल."

हरून पुन्हा मोठा ब्राउझर लावला. तिथेही तोच लाल अंधार, वर गिरणी. म्हणजे दोष ब्राउझरचा नाहीच. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेरा असतो कुठे, स्क्रीनच्या वर, मध्यभागी. कपाळावर. आजींचा टिळा बरोब्बर त्यावर, वाळून घट्ट. दुसऱ्यांच्या मालात केसाएवढा फरक पकडणारा मी क्वालिटीचा माणूस. सहा दिवस समोर बसून.

फडकं घेऊन उठलो तर आजी दारात. "कुंकू पुसायचं न्हाई. पांढऱ्या कपाळाची मशीन राबत न्हाई."
त्यांचं स्वतःचं कपाळ कितीतरी वर्षं मोकळं.
शेवटी सांगितलं की आजी, तो त्याचा डोळा आहे. त्यांनी वाकून बघितलं. मग पदराचं टोक ओलं करून स्वतःच पुसायला लागल्या, लहान पोराचा डोळा पुसावा तसं. "मानसाच्या डोळ्यात गेलं तर वरडतंय. ह्यो गरीब बोलला बी न्हाई." नवं बोट खाली, कीबोर्डच्या कडेला लावलं.

८ ऑक्टो., बुधवार
अकरा. क्र. ३. चित्र स्वच्छ, एका कोपऱ्यात कुंकवाची तांबूस कड, मॅडमनी काही विचारलं नाही. अकरा रीडिंग दिसली. शेवटच्या, बाराव्याला चित्र थिजलं, आवाज चालू. "तुम्हीच वाचा, सर." बारावं मर्यादेच्या अगदी काठावर होतं. आतच, पण काठावर. कोणी बघत नव्हतं. होतं तेच वाचलं.
पलीकडून कीबोर्डची टकटक. मग म्हणाल्या, "लिहून घेतलं. रिपोर्ट दिवाळीनंतर येईल."

आजींनी विचारलं, झालो का पास. म्हणालो, दिसलं सगळं त्यांना.
दुसरी शिफ्ट साडेतीनला आली. सहाही जण. येताना प्रत्येकाने लॅपटॉपला हात लावून नमस्कार केला. क्र. ३ अजून उघडाच आहे. बंद करायचा धीर होत नाही.