समिधाची जन्मवेळ

बोईसर,
११ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,

विजयाचा नमस्कार, रुसवा तसाच ठेवून. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. हे तरी परत पाठवू नका. इकडे सगळं ठीक आहे. प्लांटमधून निवृत्त झाल्यापासून तुमचे भाऊ चिकूच्या झाडांवर हुकूम सोडतात, झाडं ऐकत नाहीत. तुम्ही धाडलेले पापड पोचले. पापडखार जरा जास्त पडलाय.

आता बातमी. आपल्या समिधाचं लग्न ठरलं. हो, प्रणवशीच.

पत्रिकेचं काय झालं, हे तुम्हाला आधी हवं असणार. सांगते, दम धरा.

रविवारी प्रणव, त्याची आई साखरबाई आणि मामा आनंदराव आले. मंडळी मूळची साताऱ्याकडची, कारखान्यातल्या नोकरीपायी बोईसरची झालेली. पोहे झाले, चहा झाला, आणि मामांनी चष्मा पुसून मुलीची जन्मवेळ विचारली. पोर दत्तक आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण संस्थेतून आणली तेव्हा तिला चार दात आले होते आणि ती कोणत्या दिवशी जन्मली हेच तिथं कुणाला माहीत नव्हतं, हे कुठं ठाऊक होतं?

तुम्ही दिवाळीआधी सफाळ्याच्या गुरुजींकडून करवून पाठवलेली पत्रिका माझ्या पर्समध्येच होती. सकाळी सहा चाळीस, सिंह रास, सगळं झकास. ठोकून दे एक वेळ, पोरीचं जमणं महत्त्वाचं, असं तुम्ही म्हणालात ते मायेपोटीच. खरं सांगू? मी देणारच होते. पर्सची चेन उघडलीसुद्धा होती.

समिधानं माझा हात धरला. मामांना म्हणाली, "मामा, प्रणव आणि मी एकाच लॅबमध्ये काम करतो. नमुन्यात एखादी गोष्ट सापडली नाही, तर 'सापडली नाही' असंच आम्ही लिहितो. मनानं आकडा टाकला तर नोकरी जाते. माझी जन्मवेळ सापडली नाही. आईबाबांनी शोधली, मीही शोधली. या प्रश्नाला उत्तर नाही."

मामा म्हणाले, उत्तर नाही असं कसं, माणूस कधीतरी जन्मतोच की. त्यांचंही खोटं नव्हतं. पण ज्या बाईला ती वेळ ठाऊक, ती आता कुणाला सापडायची? तुमचे भाऊ खिडकीबाहेर बघायला लागले. प्रणव उठून समिधाशेजारी येऊन बसला. विचार करावा लागेल, असं म्हणत मामांनी टोपी उचलली. झालं, म्हटलं, मोडलं.

साखरबाईंनी कप खाली ठेवला. भावाला म्हणाल्या, "माझी तरी येळ कुणी लिवलीया? पेरणीच्या दिसांत झाली म्हनत्यात. तेवढ्यावर संसार केला न्हवं?" मग माझ्याकडं वळल्या. "विहीणबाई, लगीन कवा लावायचं ती येळ सांगा. ती तरी आपल्या हातात हाय."

वन्सं, पोरीनं मैदान मारलं! मी तिथंच रडले. मग साखरेचा डबा आणून सगळ्यांच्या हातावर मूठ मूठ साखर ठेवली. मामांनी आधी कुरकुर केली, मग दुसऱ्यांदा हात पुढे केला.

आता तुमच्या प्रश्नाचं. दिवाळीत तुम्ही विचारलंत, पोटची असती तर हिच्याहून जास्त माया केली असतीस का? मी भरल्या ताटावरून उठले आणि तेव्हापासून आपला अबोला. उत्तर येत नव्हतं, त्याचाच राग होता मला. अजूनही येत नाही. पोटची झालीच नाही, मग ताडून कशाशी बघू? पण रविवारपासून उत्तर नसण्याची भीती गेली. खुशाल पुन्हा विचारा, या खेपेला मी पोटभर जेवूनच उठेन.

लग्न चार मेला, उमरोळीत. आदल्या दिवशी हळद. पहिली हळद तुम्ही लावायची, आत्या आहात तिच्या. कुठली आत्या, असं कुणी विचारलंच, तर त्याला सरळ माझ्याकडे पाठवा.

वाट बघते.

समिधाची आई,
विजया