पहिला, पण कशात?

बाबा, माझं सगळं बदललं ते या मे महिन्यातल्या एका दुपारी. अलीगंजच्या कोचिंग क्लासमध्ये एका मुलीनं भिंतीवरच्या कॉलेजांच्या क्रमवारीच्या तक्त्याकडे बघत मला विचारलं, "पहला नंबर? किस चीज़ में?" तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा तुमचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि विचारला तो हिंदीत, खास लखनवी अदबीनं, भुवई जराशी वर करून. मी तिथंच गार झालो. ती तुमच्यासारखी दिसत नाही, घाबरू नका.

तुम्हाला आधी हे सांगायला हवं की मी त्या क्लासमध्ये काय करत होतो. बारावीनंतर वकिलीच्या प्रवेश परीक्षेत माझा नंबर चांगला आला. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या नॅशनल लॉ कॉलेजात गेलो, आणि तिसऱ्या वर्षात भांडून परत आलो. आता मुलांना त्याच परीक्षेसाठी तर्कशास्त्र शिकवतो, आणि संध्याकाळी पालकांना समजावतो की कोणतं कॉलेज टियर वन, कोणतं टू, कोणतं थ्री. क्लासचे मालक माझी ओळख 'नेशनल वाले सर' अशी करून देतात. अर्धवट सोडलं हे सांगत नाहीत, आणि मीही सांगत नव्हतो. कॉलेजवर दरवाजा आपटून आलो, पण त्याचं नाव मात्र शर्टासारखं अंगावर ठेवलं. गंमत बघा, तिथं मी कोणीच नव्हतो, आणि इथं निम्म्या शिक्षणावर पूर्ण टियर वन झालो.

तर ती आली होती तिच्या धाकट्या भावाला घेऊन. काळा कोट हातावर घडी करून टाकलेला, कपाळावर घाम. मी नेहमीची टेप लावली. तिनं शांतपणे ऐकलं आणि शहरातल्याच एका जुन्या कॉलेजबद्दल विचारलं, जिथं वर्ग सकाळी भरतात. मी हसलो. म्हटलं, "उसका तो नाम ही चार्ट में नहीं है, मैडम." ती म्हणाली, "जी, मैं वहीं से पढ़ी हूँ." भाऊ छताकडे बघायला लागला. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला. मी चिडलो, कारण मला उत्तर येत नव्हतं. आवाज चढवून म्हणालो की हे सगळ्या देशाला माहीत आहे. ती उठली, भावाला म्हणाली, "चलो, सर को ग़ुस्सा आ रहा है," आणि मला नमस्ते करून गेली. त्या नमस्तेनं जे केलं ते शिवीनं झालं नसतं.

त्या दिवशी घरी आलो आणि टेबलावरच्या तुमच्या स्प्रिंगकडे बघत बसलो. आठवतं? पाचवीत मी वर्गात पहिला आलो होतो. उड्या मारत मानक नगरच्या आपल्या जुन्या क्वार्टरमध्ये शिरलो. तुम्ही स्वयंपाकघरात आईसाठी कांदा चिरताय, डोळ्यांत पाणी, आणि वर न बघता विचारताय, "पहिला? कशात?" मी म्हटलं, वर्गात. तुम्ही म्हणालात, हे 'कुठं' ते झालं, 'कशात' ते सांग. मी इतका तापलो की जेवलो नाही. आई तुमच्यावर ओरडली, पोराला पेढा द्यायचा सोडून उलटतपासणी घेता काय म्हणून. शनिवारी तुम्ही मला तुमच्या रेल्वे ऑफिसच्या प्रयोगशाळेत घेऊन गेलात. मोठ्या यंत्रात रेल्वेच्या डब्याखालची स्प्रिंग उभी केलेली, माझ्या कमरेएवढी. तुम्ही लगेच दाब दिला नाहीत. आधी ठाऊक असलेलं वजन ठेवून काटा बरोबर दाखवतो का ते बघितलंत. म्हणालात, आधी काटा तपासायचा, मग माल. मी विचारलं, यातली एक नंबर स्प्रिंग कोणती? तुम्ही आणि तुमचे सहकारी दोघंही हसलात. मग तुम्ही मला खाली बसून समजावलंत की मालगाडीची कडक स्प्रिंग प्रवाशांच्या डब्याखाली लावली तर सगळ्यांचा चहा सांडेल, आणि प्रवासी डब्याची मऊ स्प्रिंग कोळशाखाली ठेवली तर ती बसेल ती उठणारच नाही. "ओझं कोणतं ते सांग, मग नंबर सांगतो." येताना तपासणीत नापास झालेली एक छोटी स्प्रिंग तुम्ही मला दिलीत. मला तेव्हा वाटलं, पास झालेली द्यायची ना.

त्या रात्रीनंतर मी काटा तपासायला घेतला. वर्षानुवर्षं ज्या नंबरांवर मी लोकांच्या मुलांना गावोगाव पाठवत होतो, ते येतात कुठून ते पहिल्यांदा नीट वाचलं. सरकारी क्रमवारी बरीच सरळ आहे, म्हणजे ती काय मोजते ते लिहून तरी ठेवते: किती विद्यार्थ्यांमागे किती शिक्षक, ग्रंथालयावर खर्च किती, शोधनिबंध किती छापले, बाहेर पडलेल्यांना पगार किती मिळाला, मुली किती, बाहेरच्या राज्यांतले किती, आणि शेवटी जाणत्या लोकांना कॉलेजबद्दल काय वाटतं. यातली बरीच माहिती कॉलेजंच भरून देतात. आणि लोकांना जे वाटतं ते बहुतेक गेल्या वर्षीचा नंबर बघून वाटतं. मासिकांच्या याद्यांचं वजनमाप वेगळं, म्हणून तेच कॉलेज इथं वर आणि तिथं खाली. टियरचं तर लिहिलेलंच काही नाही. ज्या कॉलेजातल्या जागा परीक्षेतल्या वरच्या नंबरांना भरतात ते टियर वन, आणि वरचे नंबर तिथं जातात कारण ते टियर वन. साप आपली शेपटी तोंडात धरून बसलाय आणि आम्ही त्याची लांबी मोजतोय. मी मालकांना विचारलं की मग हे टियर ठरवतं कोण. त्यांनी पान लावलं, भिंतीवरचा तक्ता डोळे भरून बघितला आणि म्हणाले, "बाज़ार तय करता है, बेटा. और अलीगंज में बाज़ार हम हैं." माणूस प्रामाणिक आहे, मला राग आला नाही.

खोटं बोलत नाही, त्या याद्या निरुपयोगी नाहीत. माझं जुनं कॉलेज खरंच चांगलं होतं. ग्रंथालय असं की आत हरवावं. ज्याला मोठ्या कंपनीत, काचेच्या इमारतीत करार वाचायचे आहेत त्याच्यासाठी तो नंबर अगदी खरा. मी तिथून आलो ते कॉलेज वाईट होतं म्हणून नाही. नोकरीच्या मुलाखतीला बसायला माझे मार्क थोडे कमी पडत होते, तिथल्या सरांनी यादीतून नाव काढून टाकलं, मी सगळ्यांसमोर नको ते बोललो. त्यांनी माफी मागायला सांगितली. मी ट्रेनचं तिकीट काढलं. आई म्हणते, "तुह्या बाबाचं डोकं बर्फाचं होतं, तू कोणावर गेला काय माहीत."

त्या मुलीची माफी मात्र मी मागितली. कैसरबागच्या कचेरीत, म्हणजे कोर्टात जाऊन, काळ्या कोटांच्या गर्दीत तिला शोधून. ती एका घरमालकाविरुद्ध एका म्हाताऱ्या भाडेकरूची बाजू मांडत होती आणि त्या दिवशी तिला नुसती पुढची तारीख मिळाली. बाहेर येऊन तिनं त्या म्हाताऱ्याला सगळं पुन्हा सांगितलं, अवधी बोलीत, हळूहळू, तो मान डोलवेपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आज ग़ुस्सा घर छोड़ आए?" आम्ही चहा प्यायलो. दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो, दुसऱ्या कसल्याशा कामाचं निमित्त करून. तिसऱ्यांदा निमित्तही केलं नाही. तिच्या कॉलेजात शिकवणारे सकाळी वर्ग घेऊन दुपारी याच कचेरीत उभे राहतात, आणि मुलं पुस्तकं काखेत मारून त्यांच्या मागं. मी बाकावर बसून बघत राहायचो. बाबा, मला पहिल्यांदा कळलं की मला कोणतं ओझं उचलायचंय. करार नाही. हे. एका माणसाला त्याच्या भाषेत त्याची तारीख समजावून सांगणं.

जूनअखेर मी तिला लग्नाचं विचारलंच. तुम्ही असतात तर डोक्याला हात लावला असतात, कारण मी ते कचेरीच्या जिन्यात विचारलं. ती थांबली, हसली नाही. म्हणाली, "पहले वकील बन जाइए, फिर जिरह कीजिएगा." म्हणजे उलटतपासणी नंतर. आणि मग, जिना उतरता उतरता, "और देखिए, मेरे लिए यहाँ मत रुकिए. पुराना कॉलेज वापस ले रहा हो, तो जाइए." मी तिला कधीतरी सांगून बसलो होतो की जुन्या कॉलेजनं निरोप पाठवलाय, माफीचं पत्र द्या आणि तिसऱ्या वर्षात बसा. म्हणजे परत गेलो तर अडीच-तीन वर्षांत मोठ्या नावाचा वकील, आणि इथं राहिलो तर पुन्हा पहिल्या वर्षाला, बारावी होऊन आलेल्या पोरांच्या बाकावर. इथल्या, तिच्या कॉलेजातला प्रवेश आज संध्याकाळी बंद होतोय.

सकाळी आईला सांगितलं की मी इथंच प्रवेश घेतोय. ती तुमच्यामागं तुमच्या ऑफिसात कामाला लागली तेव्हापासून कॉलनीतल्या बायका तिला माझ्याबद्दल विचारतात, आणि मोठ्या कॉलेजचं नाव ती ठेवणीतल्या साडीसारखं वापरते. पोळी तव्यावर फुगत होती. म्हणाली, "माफी मागून टाक ना बापा, तोंड झिजते का?" मी म्हटलं, माफीचं पत्र काल पाठवलं, सरांना, परत घ्या असं न म्हणता. तिनं पोळी उलटली. मग विचारलं, "या नव्या कॉलेजाचा नंबर किती?" मी म्हटलं, नंबर नाही. आणि बाबा, ती तव्याकडे बघत हसली आणि म्हणाली, "तुह्या बाबानं विचारलं असतं, कशात नाही." मग मला आणखी एक पोळी वाढली, न मागता.

तक्ता अजून क्लासच्या भिंतीवर आहे. मालकांना विचारून मी त्याच्याखाली एक ओळ चिकटवलीय, पालकांसाठी, आधी मुलाला काय करायचंय ते विचारा म्हणून. तिचा भाऊ आता माझ्याच वर्गात बसतो आणि मला तर्कशास्त्रात हरवतो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकतो. ओझं, कॉलेज, कचेरी, हे सगळं मी तुम्हाला तोलून दाखवलं, आणि ते खरंही आहे. पण आधी काटा तपासलेला नाही. तपासायला गेलो तर दिसतं, काट्यावर ती आधीपासूनच उभी आहे. तुम्ही असं मोजमाप नापास केलं असतंत. मी चालवून घेतोय.

पत्राची घडी तुमच्या स्प्रिंगखाली ठेवतोय. आई विचारतेय, प्रवेशाची कागदपत्रं घेतली का. घेतली. आता चपला घालतो, बाहेर पडतो, आणि दार आपटणार नाही, हलकेच ओढून घेईन.