हिरवा डाग आणि हुकांची डबी

प्रिय आई,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. कारण तुझी नात! आर्या सायकलवरून पडली, मांडीवर वाटीएवढा काळानिळा डाग. आज तो हिरवा झालाय, आणि मी तुझा कापडावर खुणा करायचा खडू शोधून काढलाय.

आठवतं? गुलमंडीच्या बाजारातून ब्लाउजपिसांचं गाठोडं आणताना तू पायरीवर आपटली होतीस. रोज सकाळी डागाभोवती खडूची रेघ ओढायचीस, कालच्यापेक्षा आत सरकला का ते बघायला. मी बारावी सायन्सची, म्हणजे अतिशहाणी! डाग हिरवा दिसला आणि मी घर डोक्यावर घेतलं, पू झाला म्हणून. तू म्हणालीस, "अगं, हिरवं पडलं म्हंजी उतरणीला लागलं. आता पिवळं व्हईल अन् जाईल." तरी तुला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलंच. डॉक्टर म्हणाले, "आईंचं ऐकत जा." येताना तू रस्ताभर हसत होतीस. मी मात्र फुगून बसले होते.

त्या हिरव्यानंच मला नादी लावलं. पुढं संशोधनही त्यावरच. मग एका दुपारी शिलाई मशीनवर बसून तू विचारलंस, "तू त्या लॅबात दिवसभर करतीस तरी काय गं?"

आणि मी म्हणाले, "तुला नाही कळणार, आई."

तू "बरं" म्हणालीस आणि खाली बघून जुना ब्लाउज उसवत राहिलीस. चिडली का नाहीस गं? एक शिवी तरी द्यायचीस!

आज सांगते, ऐक. रक्ताला लाल रंग देणारा हीम नावाचा पदार्थ असतो. जागच्या जागी असतो तोवर गुणाचा, मोकळा सुटला की घातक. मग हीम ऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम त्याला उसवतं. त्यातून आधी हिरवा रंग निघतो, मग दुसरं एन्झाइम त्याचा पिवळा करतं. आणि आतलं लोह? ते फेकत नाहीत, नव्या रक्तासाठी जपून ठेवतात. तू जुन्या ब्लाउजचे हुक काढून डबीत टाकायचीस ना, अगदी तस्सं!

मलेरियासारख्या आजारात रक्तपेशी फुटतात, तेव्हा हेच एन्झाइम शरीराला सांभाळतं. पण कॅन्सरच्या काही गाठीही त्याचाच आडोसा घेतात. तो कसा, हे मी शोधतेय. झालं! एवढंच तर सांगायचं होतं. तुला कळलं असतं, आई. माझ्याआधी कळलं असतं.

मघाशी रेघ ओढताना आर्यानं विचारलं, "मम्मी, तू लॅबमध्ये काय करते?" जुनं वाक्य जिभेवर आलंच होतं. ते गिळलं, तुझी डबी काढली आणि तिच्यासमोर हुक ओतले. म्हटलं, "बस इथं, सांगते." पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आजीचंच काम!"

केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

तुला शब्द देते. ते वाक्य आता कुणालाच म्हणणार नाही. डाग पिवळा झाला, की आधी तुझ्या फोटोला सांगेन.

तुझीच अतिशहाणी,
सुजाता