एक जास्तीचा क

रविवार, १९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. हिने घराला नवे पडदे लावलेत. माझी शुगर ताब्यात आहे. भाऊजींची पाठ कशी आहे? आपला फुटबॉल संघ शेवटून दुसरा आहे, ते तू पेपरात वाचलंच असशील.

संघ विकत घेतल्यावर झालेल्या माझ्या सत्काराच्या भाषणात तू कौतुकाने ‘आमचा चिकू’ म्हणालीस आणि मागच्या रांगेने त्यात एक क वाढवला. तेव्हापासून दर सामन्याला ‘चिक्कू मालक, खिसा उघडा’ सुरू. मी सगळं खापर तुझ्यावर फोडून बोलणं टाकलं. आज आपणहून लिहितोय, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलं असशील.

काल गोलकीपर जायबंदी झाला. पेपरात ‘दुर्दैवी अपघात’ आलंय, ते मीच छापायला दिलं. त्याचा गुडघा आधीपासून कुरकुरत होता. दुसरा गोलकीपर घ्या म्हणून प्रशिक्षक माझ्या मागे लागले होते, तूही निरोप पाठवून थकलीस. पैसे नव्हते असं नाही. नुसता बाकावर बसायला माणूस पोसायचा, हे माझ्या जिवावर येत होतं. माझ्या खास कक्षाला मात्र जाड काचा करायला दिल्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून.

त्या काचांचं काम अर्धवट होतं, म्हणून काल टोपी पुढे ओढून साध्या प्रेक्षकांत बसलो. घोषणा सुरू झाल्या. शेजारचा माणूस म्हणाला, काका, तुम्ही का गप्प? ओळखेल या भीतीने मीही घसा ताणून ओरडलो, ‘चिक्कू मालक’. मजाही वाटली, खोटं कशाला बोलू.

पुढच्या रांगेतली बाई वळली. गोलकीपरची आई. तिने मला ओळखलं नाही.

“ओरडू नका हो. मालकांनी माझ्या मुलाला शब्द दिलाय, दुसरा गोलकीपर येतोय. तेवढे दिवस सांभाळून घे म्हणालेत.”

शब्द दिला होता खरा. दिला म्हणजे, वेळ मारून नेली होती.

उत्तरार्धात त्याने झेप घेतली आणि तो उठलाच नाही. आई धावली. जाताना पर्स माझ्या हातात दिली, जरा सांभाळा म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यामागे जायचं सोडून मी ती पर्स शेजाऱ्याकडे दिली आणि मागच्या दाराने सटकलो. मला माझी लाज वाटते, ताई.

तो चालेल, पण पुन्हा खेळेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. उपचाराचा खर्च मी करतोच आहे, ते सोपं आहे. पण त्या माऊलीला सांगायला हवं की पर्स घेऊन बसलेला तो माणूस मीच, आणि शब्द देणाराही मीच. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं ठरवलंय. एकट्याने गेलो तर दारातून परत येईन, मी मला ओळखतो. येशील?

फोनवर मी गोल गोल बोललो असतो, म्हणून ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी पाठवतोय. खालचं नाव चुकून पडलेलं नाही.

तुझा,
चिक्कू