सरस्वतीच्या बाटल्यांतलं गोड पाणी

१२ मार्च २०१६

आज परत तेच! विभागप्रमुख भगवानराव सर, सगळ्यांदेखत — "राधाकिशन, मॅडमच्या पेपरचा संदर्भ आता ब्राझीलवाल्यांनीही दिलाय. तुमचं काय चाललंय?" सगळे हसले. मीही हसलो. माझं काय चालणार? माझ्या अकरा शोधनिबंधांचा उल्लेख कुणी केला असेल तर तो मीच — बाराव्यात!

मॅडम म्हणजे माझी बायको. एकच कॉलेज, एकच विभाग, एकच घर. पळून जायला जागा नाही.

१५ मार्च

टँकर आला नाही. सरस्वतीने एका बादलीत सगळं उरकलं आणि कंप्युटर उघडून बसली. "अहो, सहाशे साइटेशन झाले! सहाशे जणांनी माझ्या पेपरचा संदर्भ दिला!" मी म्हटलं, वा! आणि उरलेल्या तांब्याभर पाण्यात भांडी घासायला उठलो.

२० मार्च

तिचा तो पेपर परत वाचला. जळफळाट होतो, तरी वाचतोच.

२०१३च्या दुष्काळात ती उमापूरजवळच्या आमच्याच गावात गेली. ऊसतोड करणाऱ्यांचं रक्त तपासलं, घरोघरच्या हंड्यातलं पाणी बाटल्यांत भरून घेतलं. पाणी चांगलं निघालं, किडन्या मात्र खराब! म्हणजे दोष पाण्याचा नाही, उन्हात राबण्याचा. बास, एवढंच.

एवढंच म्हणतोय, पण मला का नाही सुचलं? ऊस तोडणारे आईबाप माझे. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत मी वाढलो. तिचे वडील, मोहनराव, सहकारी साखर कारखान्याचे संचालक! घाम आमचा आणि नाव तिचं. चीड येते.

२७ मार्च

गावी जाऊन आलो. आईने तांब्याभर पाणी दिलं. मचूळ! म्हटलं, "आई, सरस्वतीच्या पेपरात तर आपलं पानी एकदम चांगलं हाय."

आई हसायला लागली. "ते व्हय? आरं, संचालकाची लेक ती. तिला आसलं पानी भरून द्यावं? आन ते म्हनं पुन्याला तपासाय जानार! गावाची काय इज्जत ऱ्हाईल? दूध सोसायटीच्या फिल्टरचं गोड पानी आनून मीच घरोघर वाटलं. समद्या बायांनी तिच्या बाटल्यांत तेच वतलं."

"मग तिला सांगितलं न्हाईस?"

"कावून सांगू? लई उन्हातानाची आलती बिचारी."

म्हणजे सगळ्या बाटल्या खोट्या! किडन्या पाण्यानेच खराब झाल्या असतील तर? परतताना एसटीत मी चक्क गुणगुणत होतो. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

२ एप्रिल

तिचा पेपर छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र धाडलं. पाण्याचे नमुने चुकीचे, सबब निष्कर्ष टिकत नाही. खाली माझी सही. पुरावा म्हणून आईचं नावगावही टाकलं — तुळजाबाई, अमुक गाव.

जेवताना सरस्वतीला सांगणार होतो. तिने माझ्या ताटात गरम भाकरी टाकली, स्वतः सकाळची शिळी घेतली. नाही सांगितलं.

आता बघू सहाशे कुठे जातात!

९ एप्रिल

उत्तर नाही.

१८ एप्रिल

तिला दिल्लीच्या परिषदेचं बोलावणं! "आईंनाही नेऊ या," म्हणते. "त्या सोबत नसत्या तर गावात मला कुणी दारात उभं केलं असतं का?"

पत्र आठवलं. तरी जळलोच. दिल्लीचं बोलावणं तिला, आणि विमानात बसणार ती माझ्या आईला घेऊन!

२४ एप्रिल

असली पत्रं संपादक आधी मूळ लेखकाकडेच पाठवतात, उत्तरासाठी. हे काय मला माहीत नव्हतं? जळण्याच्या नादात विसरलो.

माझं पत्र प्रिंट काढून टेबलावर ठेवलेलं. लाल पेनाने इंग्रजी दुरुस्त केलेलं. सरस्वतीचे डोळे सुजलेले, आवाज मात्र नेहमीचा. "मुद्दा बरोबर आहे तुमचा. संपादकांना तसं कळवलंय, दिल्लीलाही नाही म्हटलं. आईंचं नाव तेवढं काढायला लावलंय. जगाने त्यांना हसायला नको."

दारात रिकाम्या बाटल्यांचं खोकं होतं.

"सकाळी गावाला निघू," म्हणाली. "या वेळी बाटल्या तुम्ही धरा. मला त्या बायका परत गोडच पाणी देतील."