चांगलं स्टील, हलकं स्टील

१६ जानेवारी, सकाळ

अंगण झाडून झालं होतं, दादर ज्वारीच्या भाकरी टोपल्यात होत्या, आणि मी पाणी भरत होते. हे ओट्यावर बसून बोटभर उंचीच्या एका म्हाताऱ्याला मिशा काढत होते. म्हटलं, चहा निवतोय. तर म्हणाले, थांब, ह्याने श्वास रोखलाय.

ही सकाळ आज आठवायचं कारण हेमकांतचा फोन. पोरगा पुण्याला नोकरीत आहे. रविवारी मित्रांबरोबर टेबलावर छोटे सैनिक, घोडे, जादूगार मांडून लढाई खेळतो. ह्यांच्या रिटायरमेंटनंतर त्याने बिनरंगाची एक पलटण आणून दिली, आणि हे शेवटपर्यंत ती रंगवत बसले. आता ९ फेब्रुवारीला मोठा खेळ आहे, आणि त्याला बाबांची माणसं मांडायची आहेत.

माझी काही हरकत नाही. वस्तू वापरायलाच असते. फक्त न्यायला पेटी धड पाहिजे. दोन दिवसांचं काम.

१८ जानेवारी

मोबाईलवर पेट्या पाहिल्या. एकीत स्पंजची गादी आणि माणसं आडवी निजवायची. नापास. आडवं नेताना मी एकदा पाहिलंय, तेवढं पुरे.

दुसऱ्या प्रकारात तळाला पत्रा असतो आणि माणसं चुंबकावर उभी राहतात. हा पसंत. उद्या ऑर्डर.

२१ जानेवारी

ऑर्डर केली नाही. आधी लोकांचे अभिप्राय वाचले. इंग्रजीत होते, डिक्शनरी घेऊन बसले. सातवीपर्यंतच शाळा झाली, पण पुढचं मी स्वतः वाचूनच शिकले, त्यामुळे घाई नसते. एका पेटीची कडी सैल, एकीचा रंग फारच काळा.

हेमकांतने समजावलं की बाबांनी प्रत्येकाच्या पायाखाली चुंबक लावून ठेवलाय, आपल्याला फक्त तो पकडणारा पत्रा हवा. मी म्हटलं, समजलं. मला एकदा सांगितलं की पुरतं.

२५ जानेवारी, दुपार

शेवटी हेमकांतनेच पेटी पाठवली. कुरियरवाल्याला थांबवून ठेवलं आणि त्या मिशीवाल्या म्हाताऱ्याच्या पायाखालचा चुंबक सुरीने काढून पत्र्याला लावून पाहिला. टक्‌कन चिकटला. म्हणजे हलकं स्टील. आमच्याकडे लग्नाची भांडी घ्यायला बाईमाणूस चुंबक घेतल्याशिवाय दुकानात पाय ठेवत नाही. चिकटला की भांडं परत. पेटी त्याच पावली परत केली. शहरात पोराला फसवतात, आपण लक्ष ठेवावं लागतं.

संध्याकाळ

हेमकांतला फोन करून सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, आई, चिकटायलाच हवा होता.

हे त्याने आधी नीट सांगायला पाहिजे होतं.

म्हाताऱ्याचा चुंबक उद्या चिकटवीन. तोवर पर्समध्ये ठेवला.

२९ जानेवारी

परक्या गावच्या पेट्यांचा नाद सोडला. आपल्या शहाद्यातच बघायचं. उमाकांतशेठच्या भांड्याच्या दुकानात गेले आणि स्पष्ट सांगितलं, ज्याला चुंबक चिकटेल असा डबा दाखवा.

शेठचा चेहराच उतरला. माझ्या दुकानात तसला माल मिळत नाही, म्हणाले. मी म्हटलं, मागवून द्या. त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या. शेठनी एकेक डबा काढून माझ्यासमोर मांडला आणि माझ्याच चुंबकाने सगळ्यांना दाखवलं की कुठेच चिकटत नाही. बायकांनी माना डोलावल्या. दोघींनी घमेली घेतली. मी रिकाम्या हाताने आले.

प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

२ फेब्रुवारी

मोठ्या जाऊबाई, दगूबाई, आल्या होत्या. मी पलटण पुसत होते. पेटीची सगळी हकीकत सांगितली. गादीची का नको, काळी का नको, शेठ कसे चिडले. त्या शेंगा सोलत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुले पेटी नही पाहिजे माय. तुले त्या सैनिक घरमाच पाहिजेत."

दगूबाईंना ह्या विषयातलं काही कळत नाही. त्यांचा मोबाईलसुद्धा बटणांचा आहे.

म्हाताऱ्याला चुंबक लावायचा राहिला.

५ फेब्रुवारी

हेमकांत म्हणाला, राहू दे आई, मित्राची पलटण घेऊन खेळतो, बाबांची तुझ्याजवळ राहू दे.

चला, प्रश्न मिटला. सगळ्यांच्या सोयीचं झालं.

फोन ठेवताना त्याने विचारलं, बाबांनी त्या पांढऱ्या घोड्याचं काम पुरं केलं होतं का? म्हणजे त्याने पाहिलाच नाही. तो आला तेव्हा घरात माणसं होती, हे आडवे होते, आणि घोडा कपाटात. मी म्हटलं, बघून सांगते. बघायचं काय, रोज पुसते. घोडा पुरा झालाय. लगामसुद्धा.

जेवण गेलं नाही. वांग्यात तेल जास्त झालं असावं.

९ फेब्रुवारी, पुणे

परवा फळी आवरायला घेतली. पेटीशी काही संबंध नव्हता. वर ह्यांचा चार कप्प्यांचा डबा होता. पुरुषोत्तमनगरला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा ह्यांनी एकट्याने जाऊन आणलेला. मी त्याच दिवशी चुंबक लावला होता आणि म्हटलं होतं, तुम्हाला फसवलं. हे म्हणाले होते, भाजीला कळत नाही. त्यातच जन्मभर जेवले, आणि नंतर ब्रश ठेवले.

ब्रश काढले. पर्समधला चुंबक लावून पाहिला.

टक्‌.

खालच्या कप्प्यात घोडे उभे केले, वर भालेवाले, लोणच्याच्या कप्प्यात जादूगार. कप्पे एकेक करून उलटे धरले. कुणी पडलं नाही. डब्याला अजून हळदीचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने पुण्याला आले. डबा मांडीवर उभा धरला होता. म्हातारा घरी ओट्यावर राहिला. त्याच्या पायाखाली चुंबक नाही, गाडीत पडला असता. चुंबक पर्समध्ये आहे.